पडद्यावरची शिकवणी, फडावरची मुले

बीडमध्ये अलीकडे झालेल्या एका शैक्षणिक चर्चासभेत एका वक्त्याने मोठ्या उत्साहाने सांगितले की, आता पुण्याचा मास्तर थेट शिरूर कासारच्या वस्तीवर जाऊन पोहोचला आहे. टाळ्या पडल्या. त्या ओसरण्यापूर्वीच वक्त्याने दुसरे वाक्य उच्चारले, आणि या दुसऱ्या वाक्यासाठीच पहिले बोलले गेले होते हे माझ्या ध्यानात आले. ते म्हणाले, मग दहा-पंधरा पोरांसाठी दोन-दोन शिक्षक पोसण्याची चैन आपल्याला परवडणार आहे काय? या वाक्यालाही टाळ्या पडल्या. टाळ्या वाजवणाऱ्यांत दोघे-तिघे माझे जुने विद्यार्थी होते. म्हणून हा लेखनप्रपंच.

प्रारंभीच एक गोष्ट स्पष्ट करतो. मी यंत्राचा शत्रू नाही. अर्थशास्त्राचा प्राध्यापक म्हणून ज्या अहवालांसाठी मला एके काळी रात्रीची एस.टी. पकडून पुण्या-मुंबईची ग्रंथालये गाठावी लागत, ते आज मी घरबसल्या वाचतो आणि त्याबद्दल मनोमन कृतज्ञ असतो. अहिल्यानगरकडून येणारी रेल्वे बीडला पोहोचायला २०२५ चा सप्टेंबर उजाडावा लागला. फोन आणि इंटरनेट त्याच्या कितीतरी आधी आले. अशा आडबाजूच्या जिल्ह्याने या साधनाचे स्वागतच केले पाहिजे. तेव्हा साधन चांगले की वाईट, हा वादाचा विषयच नाही. ऑनलाइन शिकवणी आणि ‘गृहपाठाला मदत’ या नावाने आज जे विकले जात आहे त्याने विद्यार्थी शिकतो काय, शिकत असल्यास कोणता विद्यार्थी शिकतो, आणि त्याचा दाखला देऊन कोणाच्या ताटातले काढून घेतले जात आहे, हा वाद आहे.

आमच्या गल्लीतील आठवीतली एक मुलगी अधूनमधून संध्याकाळी माझ्याकडे वही घेऊन येते. एकदा तिने चक्रवाढ व्याजाची दहा उदाहरणे सोडवून आणली होती. दहाही बरोबर. बाईंची लाल खूण आणि ‘छान’ असा शेराही होता. एक उदाहरण असे होते: मुद्दल पन्नास हजार, दर द.सा.द.शे. दहा, मुदत दोन वर्षे. रास साठ हजार पाचशे. मी सहज विचारले, “पहिल्या वर्षी व्याज पाच हजार आणि दुसऱ्या वर्षी साडेपाच हजार, हे कसे गं?” ती बराच वेळ वहीकडे पाहत राहिली आणि मग म्हणाली, “सर, ते तसंच येतं.” थोडे खोदून विचारल्यावर उलगडा झाला. उदाहरणाचे छायाचित्र काढले की फोनच्या पडद्यावर पायऱ्यांसकट उत्तर उमटते. ते वहीत उतरवून काढायचे. वीस मिनिटांत दहा उदाहरणे. मुलीला दोष देण्याचे मला काहीच कारण दिसले नाही. तिच्याकडे उत्तर मागितले गेले होते, ते तिने दिले. साठ वह्या तपासणाऱ्या बाईंनाही दोष देता येत नाही.

परंतु बीड जिल्ह्यात चक्रवाढ व्याज हा केवळ पुस्तकातला धडा नाही. या मुलीचे मामा-मामी दरसाल कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रात जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता, हा इथला हिशेब. दिवाळीपूर्वीच मुकादमाकडून उचल घेतलेली असते. कारखान्याचा पट्टा पडला की तोडलेल्या उसाशी तिची तोंडमिळवणी होते. फिटली नाही तर बाकी पुढच्या हंगामावर चढते. ती बाकी किती, हे मुकादमाच्या वहीत लिहिलेले असते, आणि ती वही वाचू शकणारे माणूस बहुतेक कोप्यांत नसते. दुसऱ्या वर्षी व्याज का वाढले हे ज्या मुलीला उत्तर उतरवूनही कळलेले नाही, ती मोठी झाल्यावर त्या वहीवर बोट ठेवून काय विचारणार? मी तिला ज्वारीच्या दाण्यांचे ढीग मांडून समजावू लागलो. एकदा सांगून जमले नाही, दुसऱ्यांदाही नाही. तिसऱ्या संध्याकाळी ती एकाएकी म्हणाली, “म्हणजे व्याजालाही व्याज लागतं? मग मामाचं पण असंच होतं का?” या एका प्रश्नासाठी तीन संध्याकाळी खर्ची पडल्या. फोनला ते वीस सेकंदांत जमले असते असे कोणी म्हणेल. फोनने वीस सेकंदांत दिले ते उत्तर होते; हा प्रश्न मात्र त्याने तिच्या तोंडून काढला नसता.

यावर माझे मित्र म्हणतील, अहो, उतरवून काढणे काय आजचे आहे? आक्षेप खरा आहे. ‘एकवीस अपेक्षित’ आणि गाइडे यांच्यावर आपल्या दोन-तीन पिढ्या पोसल्या गेल्या. मी स्वतः वर्गात टिपणे लिहून देत असे. मुले ती पाठ करीत आणि मी तीच उत्तरपत्रिकेत वाचून गुण देत असे. या पापातील माझा वाटा मी नाकारीत नाही. परंतु गाइडात निदान आपले उदाहरण शोधावे लागे, थोडे ताडून पाहावे लागे, आकडे वेगळे निघाले तर स्वतः हात चालवावा लागे. आता तेवढेही श्रम उरलेले नाहीत.

याची मोजदाद झालेली आहे. अमेरिकेतील रटगर्स विद्यापीठात आर्नल्ड ग्लास आणि त्यांच्या सहकाऱ्याने अकरा वर्षे आपल्याच विद्यार्थ्यांच्या गृहपाठाचे आणि परीक्षेचे गुण ताडून पाहिले. गृहपाठात उत्तर बरोबर आणि परीक्षेत त्याहून खाली, असे विद्यार्थी २००८ साली शेकडा १४ होते. २०१७ साली ते शेकडा ५५ झाले. त्यांचा निष्कर्ष सरळ आहे: ज्याने उत्तर स्वतः काढले त्याला गृहपाठाचा लाभ झाला, ज्याने ते कोठून तरी उचलले त्याला झाला नाही. हे सर्व चॅटजीपीटी अवतरण्यापूर्वीचे. त्यानंतरचा, तुर्कस्तानातील सुमारे एक हजार शाळकरी विद्यार्थ्यांवरील प्रयोग २०२५ साली प्रसिद्ध झाला. गणिताच्या सरावासाठी काहींना मागेल ते उत्तर देणारे यंत्र दिले. सराव करताना त्यांची कामगिरी शेकडा ४८ ने सुधारली; यंत्र काढून घेऊन परीक्षा घेतली तेव्हा ज्यांना ते कधीच मिळाले नव्हते त्यांच्यापेक्षाही ती शेकडा १७ ने खाली गेली. दुसऱ्या गटाला उत्तर न देता केवळ पुढची दिशा सुचवणारे यंत्र दिले होते. त्यांचे नुकसान झाले नाही.

ही दुसरी बाजूही मी मुद्दाम नोंदवतो, कारण ती लपवणे अप्रामाणिकपणाचे होईल. आपल्याच देशात, दिल्लीत, कार्तिक मुरलीधरन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या, २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात संगणकाच्या साह्याने शिकणाऱ्या मुलांनी साडेचार महिन्यांत गणितात आणि हिंदीत चांगलीच मजल मारली. सहावी-सातवीतले मूल प्रत्यक्षात तिसरी-चौथीच्या पायरीवर अडलेले असेल तर ते यंत्र त्याला तेथूनच शिकवू लागे. या अभ्यासाचा हवाला ऑनलाइन शिकवणीचे समर्थक आवर्जून देतात. ते एवढेच सांगत नाहीत की, ही मुले घरी एकटी फोन धरून बसलेली नव्हती. ती केंद्रात येत. नव्वद मिनिटांपैकी निम्मा वेळ संगणकावर आणि उरलेला निम्मा लहान गटात, शिकवणाऱ्या जिवंत माणसाबरोबर जाई.

येथे अर्थशास्त्राचा एक साधा नियम लावून पाहण्याजोगा आहे. एखादा पाठ एकदा चित्रित केला की तो आणखी एका मुलाला दाखवण्याचा खर्च जवळजवळ शून्य असतो. लाख मुलांनी पाहिला काय आणि दहा लाखांनी पाहिला काय, कंपनीला फारसा फरक पडत नाही. याउलट, एका मुलाची वही उघडून त्याचे नेमके कोठे चुकले हे पाहणाऱ्या माणसाचा अर्धा तास हा अर्धा तासच राहतो. तो एकाच वेळी दहा लाखांना देता येत नाही. म्हणजे स्वस्त झाला आहे तो पाठ, आणि दुर्मीळ राहिले आहे ते लक्ष. ज्या वस्तूचा वाढीव खर्च शून्याजवळ आहे तिची किंमतही खाली यावी असे आम्ही वर्गात शिकवीत असू. बाजाराने येथे एक वेगळीच युक्ती केली. ‘वैयक्तिक मार्गदर्शन’ अशी पाटी लावली, दुर्मीळ वस्तूची किंमत घेतली आणि गिऱ्हाइकाच्या हाती पुष्कळदा स्वस्त वस्तू ठेवली. दोहोंमधील फरक पालकाला कळू न देणे हा या धंद्याचा पाया, आणि त्यासाठी लागणारा खर्च जाहिरातीचा.

बायजूज या कंपनीचा इतिहास या दृष्टीने उद्बोधक आहे. २०११ साली ती स्थापन झाली, २०१५ साली तिचे ॲप आले. २०१९ पासून भारतीय क्रिकेट संघाच्या अंगावर तिचे नाव झळकू लागले. २०२२ साली तिचे मूल्य २२ अब्ज डॉलर मानले गेले आणि त्याच वर्षी फुटबॉलच्या विश्वचषकाच्या पुरस्कर्त्यांत ती जाऊन बसली. सप्टेंबर २०२१ मध्ये नीती आयोगाने आकांक्षित जिल्ह्यांतील मुलांसाठी याच कंपनीशी हात मिळवला; आपला शेजारी उस्मानाबाद, म्हणजे आजचा धाराशिव, त्या जिल्ह्यांच्या यादीत आहे. डिसेंबर २०२२ मध्ये पालकांच्या गळी माल उतरवण्याच्या पद्धतीबद्दल राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगाने कंपनीच्या प्रमुखाला पाचारण केले. जुलै २०२४ मध्ये तिच्यावर दिवाळखोरीची प्रक्रिया सुरू करण्याचा आदेश झाला. तो कोणाच्या अर्जावरून? फसलेल्या पालकांच्या नव्हे. सुमारे १५८ कोटी रुपयांची बाकी मागणाऱ्या क्रिकेट नियामक मंडळाच्या अर्जावरून. मुलांच्या शिक्षणाच्या नावाने गोळा झालेला पैसा कोठे चालला होता, हे सांगायला याहून निराळा ताळेबंद नको.

अशा कंपन्या अनेक होत्या आणि आहेत. माझ्या परिचयाच्या एका कनिष्ठ लिपिकाने मुलाच्या शिकवणीसाठी एका कंपनीच्या माणसाच्या सांगण्यावरून सही केली. ती सही कर्जाच्या कागदावर होती हे त्याला पहिला हप्ता बँकेतून कापला गेला तेव्हा समजले. मुलाने महिन्याभरात पाठ पाहणे सोडले, हप्ते दोन वर्षे चालले. मुकादमाची उचल निदान उघड उघड उचल या नावाने दिली जाते. केंद्र सरकारने डिसेंबर २०२१ मध्ये पालकांना एक सावधगिरीची सूचना प्रसिद्ध केली: आपोआप पैसे कापण्यास संमती देऊ नका, कर्जाचे कागद नीट वाचा, वगैरे. लांडग्यापासून सावध राहण्याचे पत्रक मेंढरांना वाटले, म्हणजे राज्यकर्त्यांचे कर्तव्य संपले. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २८ ने शाळेतील शिक्षकाला खाजगी शिकवणी करण्याची मनाई आहे, आणि ती योग्यच आहे. परंतु जी गोष्ट मास्तराने केली तर गुन्हा, ती भांडवलदाराने केली की ‘नवोन्मेष’ कशी होते, हे मला अद्याप उमगलेले नाही.

आता बीडच्या मुलांकडे वळू. ऑनलाइन शिक्षणाची खरी परीक्षा मार्च २०२० नंतर झाली, जेव्हा शाळांना कुलूप लागले. ‘शाळा बंद, पण शिक्षण आहे’ असा घोष झाला. त्या काळात दूरदर्शनच्या सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’सारखी मालिका चालली, ती फुकट होती आणि तिला इंटरनेट लागत नव्हते, एवढे श्रेय दिलेच पाहिजे. परंतु मुख्य भिस्त फोनवर होती. टाळेबंदीच्या जेमतेम दोन वर्षे आधी, २०१७-१८ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत, ग्रामीण भारतातील शेकडा १४.९ घरांतच इंटरनेटची सोय होती. संगणक शेकडा ४.४ घरांत होता. यावर लगेच सांगितले जाते की स्मार्टफोन तर घरोघरी आला. आला, हे खरे. ‘असर’च्या २०२१ च्या पाहणीत शाळेत जाणाऱ्या मुलांपैकी शेकडा ६७.६ मुलांच्या घरी तो होता. पण त्याच पाहणीने असेही दाखवले की, घरात फोन असूनही चारातील एका मुलाच्या हाती तो कधीच येत नव्हता.

बीडमध्ये याचे कारण सांगायला पाहणीची गरज नाही. दिवाळी झाली की टोळ्या निघतात, आणि घरातला एकुलता एक चांगला फोन बापाच्या खिशातून कोयत्याबरोबर निघतो. मुकादमाचा निरोप त्यावर येतो. कोणत्या फडावर जायचे, गाडी किती वाजता भरायची, हे त्यावर कळते. तो हत्यारासारखाच कामाचा असतो. मागे आजीजवळ राहिलेल्या मुलाकडे उरतो तो बटणांचा जुना फोन, तोही चार्ज केलेला असला तर. आणि जे मूल आई-बापाबरोबर जाते, ते धाकट्या भावंडाला सांभाळत उसाच्या कडेला बसते. रात्री कोपीत दिवा असेलच असे नाही, मग त्याने पडद्यावर दशांश अपूर्णांक शिकावेत ही अपेक्षा करणाऱ्याने एक रात्र तेथे काढून पाहावी. देशभराचा परिणाम पुढे आकड्यांत उतरला. दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचू शकणारी तिसरीची मुले २०१८ साली शेकडा २७.३ होती, ती २०२२ साली २०.५ वर आली. शाळा बंद असलेल्या त्याच काळात शिकवण्या घेणाऱ्या मुलांचे प्रमाण २०१८ मधील शेकडा २८.६ वरून २०२१ मध्ये ३९.२ वर गेले, आणि ही वाढ कमी शिकलेल्या पालकांच्या घरांत अधिक होती. ज्यांच्यापाशी कमी आहे त्यांनीच खिशातून अधिक काढले.

“मग गरिबांनी ही साधने वापरूच नयेत काय?” असा प्रतिप्रश्न मला त्या सभेनंतर एका माजी विद्यार्थ्याने केला. तो भला माणूस आहे. स्वतः तांड्यावरून शिकत वर आलेला. मी त्याला विचारले, तू चौथीत होतास तेव्हा तुला घरून शाळेत ओढून नेणारा मास्तर कोण होता? त्याने नाव सांगितले. चाळीस वर्षांनंतरही पूर्ण नाव, आडनावासकट. ते काम कोणते ॲप करणार? पोर आठ दिवस आले नाही हे पाहून वस्तीवर जाणे, बापाशी भांडणे, टोळीबरोबर निघालेल्या पोरीला आजीपाशी ठेवून घेण्याची गळ घालणे, हा शिक्षकाच्या कामाचा निम्मा भाग आहे आणि नेमका तोच पडद्यावर दिसत नाही. म्हणून हिशेब मांडणाऱ्यांच्या तो लक्षात येत नाही.

आणि तो हिशेब मांडला जात आहे. वीसपर्यंत पट असलेल्या शाळा एकत्र करून ‘समूह शाळा’ उभारण्याचा विचार राज्याच्या शिक्षण खात्याने सप्टेंबर २०२३ मध्ये उघडपणे पुढे आणला. बालाघाटाच्या डोंगरातील वस्त्यांना, पाटोदा-आष्टी-धारूरकडच्या तांड्यांना याचा अर्थ काय, ते नकाशा पाहणाऱ्याला कळणार नाही. सात-आठ वर्षांच्या पोरीला ओढा ओलांडून पाठवणाऱ्या आईला कळेल. ऑनलाइन शिकवणीचे कौतुक अशा वेळी निरागस राहत नाही. शाळा दूर गेली तरी शिक्षण जवळच आहे, असा आभास ते निर्माण करते. १८८२ साली महात्मा फुले यांनी हंटर आयोगापुढे निवेदन केले, त्यातील तक्रार हीच होती की सरकारी तिजोरी शेतकऱ्यांच्या श्रमातून भरते आणि शिक्षणावरचा खर्च मात्र वरच्या वर्गांकडे वळतो. कोठारी आयोगाने १९६६ साली शिक्षणावर राष्ट्रीय उत्पन्नाच्या सहा टक्के खर्चाचे लक्ष्य सांगितले. ते आजही गाठलेले नाही. राहिलेला खड्डा आता पालकाने हप्त्याने भरावा, असा हा सारा प्रकार आहे.

फोनचा उपयोगच करायचा असेल तर त्याची एक रीत दूरदेशी सिद्ध झाली आहे. २०२० साली आफ्रिकेतील बोट्स्वानामध्ये सुमारे साडेचार हजार कुटुंबांवर एक प्रयोग झाला. काही घरांना आठवड्याला गणिताची उदाहरणे नुसती संदेशाने पाठवली. काहींना त्याखेरीज शिकवणाऱ्याचा पंधरा-वीस मिनिटांचा फोन येई. नुसत्या संदेशांनी फारसे काही साधले नाही. ज्यांना माणसाचा फोन आला त्यांचे गणित सुधारले. फोन साधे, बटणांचे होते. इंटरनेट नव्हते, ॲप नव्हते, हप्ता नव्हता.

बीडच्या जिल्हा परिषदेला हे करता येण्याजोगे आहे. टोळ्या दिवाळीच्या सुमारास निघतात हे दरसाल ठाऊक असते. तेव्हा हंगामी वसतिगृहे टोळ्या निघण्याच्या आधी सुरू झाली पाहिजेत, गावातील पोरे निघून गेल्यावर नव्हे. कोणते मूल वसतिगृहात, कोणते आजीपाशी आणि कोणते कोणत्या कारखान्यावर गेले, याची यादी शाळेत आणि ग्रामपंचायतीत लावावी. जे गेले त्याला त्याच्याच शाळेच्या शिक्षकाने आठवड्यातून एकदा फोन करावा; संध्याकाळी, फड सुटल्यावर, बापाच्या फोनवर. एक उदाहरण सांगावे, ते त्याच्याकडून तोंडी सोडवून घ्यावे, चुकले तर कोठे चुकले ते विचारावे. ही वेळ शिक्षकाच्या कामाच्या तासांत धरली जावी, त्यासाठी त्याची दुसरी कागदोपत्री कामे कमी करावीत, आणि फोनचे बिल शाळेच्या खर्चात पडावे.